दुर्गाबाई बर्फावर

माझ्या आईला बर्फ पाहायचा होता.

अकोल्याच्या रेल्वे क्वार्टरांत राहणाऱ्या आणि कापसाच्या हंगामात जिनिंगमध्ये कामाला जाणाऱ्या बाईला अशी इच्छा व्हावी, याचं आमच्या शेजारणींना मोठं नवल वाटायचं. त्यांच्यापैकी कुणाला शिवणाचं मशीन हवं होतं, कुणाला नवऱ्याची बदली माहेराजवळ व्हायला हवी होती. आईला विचारलं की ती म्हणायची, "मले एकदा बरफ पाह्याचा आहे. डोंगरावरचा. भुशातला नाही." भुशातला म्हणजे आमच्या स्टेशनसमोरच्या रसवंतीवाल्याकडचा. तो लाकडाच्या भुशात पुरून ठेवलेला असे, आणि मे महिन्यात त्याचा एक खडा हातात मिळाला तरी आम्ही पोरी खूश व्हायचो.

आईचं नाव दुर्गाबाई. ती हिवरखेडची, सातपुड्याच्या पायथ्याची. वडील लवकर गेले, तेव्हा ती स्वतःच लहान होती. तिची आई, म्हणजे माझी गोदाबाई आजी, दिवसभर लोकांच्या वावरात उकिडवं बसून तण निंदायला जायची आणि धाकट्या देवमनला आईच्या हवाली करून जायची. त्यामुळे देवमनमामा बोलायला शिकला तो आईजवळ, चालायला शिकला तोही आईचं बोट धरून. आजीच्या हाताचा मार आणि आईच्या हातचं जेवण, असं आपलं लहानपण गेलं, असं मामा स्वतःच सांगायचा.

अठरा वर्षांचा झाला आणि मामा पलटणीत भरती झाला. तिथं त्याला उत्तरेकडच्या पहाडांत पाठवलं. पंचावन्न साली तो रजेवर आला, तेव्हा त्यानं घरात बर्फाच्या गोष्टी सुरू केल्या. पायांना दोन लांब फळ्या बांधायच्या, हातात दोन काठ्या घ्यायच्या आणि डोंगरावरून खाली यायचं. पायांनी चालायचं नाही, नुसतं यायचं. कुणाचा विश्वास बसेना, म्हणून त्यानं आजीच्या अंगणात जेवायचे दोन पाट घेतले, त्यांवर उभा राहून गुडघे वाकवले आणि कसं वळायचं ते दाखवलं. पाटावर पाय ठेवला म्हणून आजीनं त्याला चांगलं झापलं. आई मात्र त्या पाटांकडे पाहतच राहिली. ती गोष्ट तिनं मला इतक्यांदा सांगितली, की मी तेव्हा चार वर्षांची होते तरी मला ती डोळ्यांनी पाहिल्यासारखी आठवते.

पुढच्या वर्षी नागपूरला दीक्षेला आम्ही सगळे गेलो. आईनं पांढरं लुगडं नेसलं होतं. मामाला रजा मिळाली नाही, याची तिला दिवसभर चुटपुट लागून राहिली. त्यानंतर मामाच्या गुडघ्याला मार लागला आणि त्याला पलटण सोडावी लागली. तो घरी येईल म्हणून आजीनं बार्शीटाकळीची एक मुलगी पाहून ठेवली, तिच्या बापाला शब्दही दिला. पण मामा आलाच नाही. त्याच्या हाताखाली शिकलेल्या एका साहेबानं निवृत्त झाल्यावर सिमल्याच्या वर एक जुना बंगला घेतला होता आणि थंडीत बर्फावर घसरायला येणाऱ्या लोकांसाठी तिथं खोल्या केल्या होत्या. मामाला त्यानं तिथं शिकवायला आणि बंगला सांभाळायला ठेवलं. वर्षभरानं मामाचं पत्र आलं, की त्यानं तिथल्याच एका पहाडी मुलीशी लग्न केलं आहे.

आजी त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी कामाला गेली, फक्त तिनं आईला सांगून टाकलं की आपल्यासमोर त्याचं नाव घ्यायचं नाही. तिला बार्शीटाकळीला जाऊन त्या मुलीच्या बापासमोर उभं राहावं लागलं होतं, आणि ते ती विसरायला तयार नव्हती.

माझे वडील किसनराव अकोला स्टेशनात सांधेवाले होते. गाडी कुठल्या रुळावरून जाणार ते त्यांच्या हातातल्या खटक्यावर ठरायचं, म्हणून घरातही ते कुठलीच गोष्ट एकदा पाहून सोडत नसत. कुलूप लावलं की चार पावलं जाऊन परत यायचे आणि ते ओढून पाहायचे. त्यांचं बोलणं कमी. मामाबद्दल त्यांचं मत एका वाक्याचं होतं, की पोट्टा पळून गेला. हे ते आईसमोर एकदाच बोलले आणि आईनं त्यांना दोन दिवस नुसता वरण-भात वाढला. मग ते पुन्हा बोलले नाहीत, पण मत बदललं नव्हतं.

रेल्वेचा पास दरवर्षी मिळायचा आणि दरवर्षी तो नागपुरात किंवा कुणाच्या तरी लग्नात संपायचा. चौसष्ट साली आमच्या नात्यात कुणाचंच लग्न निघालं नाही. दिवाळीच्या सुमाराला आईनं विषय काढला. वडिलांनी ऐकून घेतलं आणि विचारलं की थंडीच्या दिवसांत थंड गावाला कोण शहाणा माणूस जातो. जायचंच तर उन्हाळ्यात जाऊ.

"उन्हाळ्यात बरफ राह्यते का?" आईनं विचारलं. "आन् मले नुसता बरफ नाही पाह्याचा. मले देवमन पाह्याचा आहे."

वडील कंदील उचलून ड्यूटीवर गेले. दुसऱ्या दिवशी ड्यूटीवरून आले, पाय धुतले आणि चहा पिता पिता त्यांनी विचारलं, तिकडे बर्फ कोणत्या महिन्यात पडतो. आईला कळलं की ते कबूल झाले.

खरी अडचण जिनिंगची होती. डिसेंबर म्हणजे ऐन हंगाम. मुकादम सूर्यभान म्हणाला की आता गेलीस तर परत आल्यावर जागा राहील याची हमी नाही. आई त्याला म्हणाली की जागा गेली तर दुसऱ्या जिनात पाहीन, भाऊ दुसरा कुठं पाहू? सूर्यभान मनाचा वाईट नव्हता. त्यानं डोकं खाजवलं आणि लवकर ये म्हणाला.

मग गरम कपड्यांची शोधाशोध सुरू झाली. वडिलांचा रेल्वेनं दिलेला जाड कोट होता. बडनेऱ्याचे गार्ड केशवराव वडिलांचे स्नेही. त्यांनी आपले दोन स्वेटर दिले. त्यांच्याच सांगण्यावरून आई-वडील अमरावतीच्या जुन्या बाजारात जाऊन माझ्यासाठी एक लोकरी कोट घेऊन आले. तो इतका मोठा होता की बाह्या दुमडल्यावरही माझे हात दिसत नव्हते. निघण्याआधी आई हिवरखेडला जाऊन आजीला सांगून आली. आजी तूर सोलत बसली होती. तिनं मान वर केली नाही. "जा," म्हणाली, "पण तिथं माह्यं नाव काढू नको." आईनं बरं म्हटलं.

भुसावळला गाडी बदलली, दिल्लीला बदलली, आणि कालक्याला आम्ही त्या लहानशा पहाडी गाडीत बसलो. ज्वारीच्या भाकरी वाळून कडक झाल्या होत्या. त्या आम्ही तिळाच्या चटणीबरोबर, नाहीतर चहात बुडवून खाल्ल्या. आई खिडकीला डोळे लावून बसलेली आणि वडील दुसऱ्या खिडकीतून प्रत्येक स्टेशनातले सांधे पाहत. गाडी एवढीशी असली तरी खटका आपल्यासारखाच आहे, हे त्यांनी मला दोन-तीनदा सांगितलं, आणि त्यानंतर त्यांना त्या पहाडाबद्दल जरा आपलेपणा वाटू लागला.

सिमल्याला उतरलो तेव्हा रस्त्याच्या कडेला मळकट काळपट ढीग पडले होते. त्यात चिखल, पानं, विडीची थोटकं. वडील म्हणाले, हा बर्फ. आई वाकली, त्याला बोट लावून पाहिलं आणि ते पदराला पुसलं. पुढे बसमध्ये ती माझ्याकडे पाहून हसली, पण ते हसू ओढूनताणून आणलेलं होतं. एवढं लांब आणलं नवऱ्याला, आणि हे निघालं, असं तिच्या मनात आलं असणार.

बस चढत गेली. एका वळणानंतर देवदारांच्या फांद्या पांढऱ्या दिसू लागल्या, मग शेतं, मग घरांची छपरं. शेवटी सगळंच पांढरं झालं आणि वर स्वच्छ निळं आभाळ. बसमधली सगळी माणसं आपापल्या बोलण्यात होती. त्यांना त्याचं काय? आई उभी राहिली. चालत्या बसमध्ये, दांडी धरून, उरलेला सगळा रस्ता ती उभीच होती.

पत्रानं कळवलं होतं, म्हणून मामा रस्त्यावर वाट पाहत होता. मी त्याला ओळखलं नसतं. डोक्यावर पहाडी टोपी, उन्हानं भाजलेला चेहरा, डोळ्यांभोवती बारीक सुरकुत्या. आई त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. तिनं त्याची टोपी काढली, केसांतून हात फिरवला आणि टोपी परत नीट घालून दिली. मामा खाली पाहत होता.

"बाई, तू जाड झाली," तो म्हणाला. कितीतरी वर्षांत तो आपली बोली बोलला नसावा. शब्द अडखळत येत होते.

"तू म्हातारा झाला," आई म्हणाली. मग दोघंही रडले. वडील बॅगा मोजू लागले.

बंगला दगडी होता, पत्र्याच्या उतरत्या छपराचा. त्यामागे एक मोठा उतार, वर देवदारांचं रान, खाली कुंपण आणि कुंपणापलीकडे कुणाचं तरी सफरचंदाचं शेत. एवढ्या जागेत आमच्याशिवाय दिल्लीचं एक म्हातारं जोडपं होतं, ते दुपारी उन्हात पुस्तकं वाचत बसे. दुसरं कुणी नाही. साहेब स्वतः त्या महिन्यात खाली मैदानात गेले होते. अकोल्याला गाड्यांची शंटिंग आणि जिनाचा भोंगा यांत वाढलेली मी. तिथली शांतता मला पहिल्या दिवशी कानांत दुखल्यासारखी वाटली.

मामीचं नाव सुरमी. ती उंच, गोरी, आणि आमच्यासमोर एक शब्द न बोलणारी. आम्हाला वाढून ती स्वयंपाकघरात जाऊन बसली. मामाची मुलगी निम्मो चार वर्षांची होती, ती दाराआडून आमच्याकडे पाहायची. आईनं पहिलं जेवण कसंबसं उरकलं, ताट उचललं आणि सरळ स्वयंपाकघरात गेली. चुलीजवळ मामीला सरकायला लावून तिच्या शेजारी बसली आणि मक्याचं पीठ पुढे ओढलं. आईची हिंदी म्हणजे अकोल्याच्या बाजाराची हिंदी आणि मामीची म्हणजे पहाडाची. दोघींना एकमेकींचं अर्धंच कळत असावं. पण थोड्या वेळानं आतून हसण्याचा आवाज आला. आई हातावर भाकरी थापून दाखवत होती आणि मक्याची भाकरी तिच्या हातात फाटत होती, त्याचं ते हसू होतं.

दुसऱ्या दिवशी मामानं मला फळ्या बांधल्या. मी तेरा वर्षांची, शाळेत लंगडीत पहिली येणारी. वाटलं, हे काय अवघड आहे. मी उभी राहिले आणि पडले. पुन्हा उभी राहिले, पुन्हा पडले. तेवढ्यात निम्मो आपल्या वीतभर फळ्यांवर माझ्या शेजारून सरळ खाली गेली, वळली, थांबली आणि माझ्याकडे पाहत राहिली. मला इतकी लाज वाटली की मी दुपारभर हटून शिकले. संध्याकाळपर्यंत मला थांबता येऊ लागलं. पायाचे अंगठे आत वळवायचे आणि टाचा बाहेर ढकलायच्या, एवढंच ते होतं.

आई कुंपणाशी उभी राहून पाहत होती. बर्फ ती दिवसभर हातात घेत होती, दाबत होती, चाखत होती. दिल्लीच्या म्हाताऱ्या बाईंनी तिला विचारलं की तुम्ही कापसाच्या मुलखातल्या, तुम्हाला हे कापसासारखं वाटत असेल नाही? आईनं नाही म्हणून मान हलवली. मला नंतर म्हणाली, "कापूस नाकात जाते, घशात जाते, अंगाले खाज सुटते. हे पाह्य कसं. श्वास घेतला की पार आतपर्यंत गार वाटते." जिनात आठ-नऊ हंगाम काढल्यावर तिला सकाळचा खोकला जडला होता. तिथं तो थांबला होता, हे माझ्या ध्यानात नंतर आलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं मामाला सांगितलं की मलेही बांध. वडिलांनी मान वर केली. मामाला वाटलं ती थट्टा करते. पण ती तयारीनिशी आली होती. आत वडिलांची लोकरी विजार, मामाचे पलटणीतले जाड मोजे, आणि वरून नऊवारी लुगडं, काष्टा पक्का खोचलेला, पदर कमरेला आवळलेला. वरून केशवरावांचा स्वेटर. मामा म्हणाला की इथं साडी नेसून आलेल्या बायांना तो फळ्या देतच नाही, पण काष्टा असला तर हरकत नाही, पाय मोकळे राहतात. दिल्लीचे आजोबा पुस्तक मिटून बाहेर आले.

"निंदायले बसतो तसं बस," मामा तिला म्हणाला. "पुरं नाही, अर्धं. वजन पुढं टाक. आन् खाली पाहू नको, जिथं जायचं तिथं पाह्य."

निंदायला बसणं आईला नव्यानं शिकायचं नव्हतं. ती तेवढी वाकली आणि तिथंच तिचा तोल बसला. पहिल्या छोट्या उतारावर ती दोन-तीनदा पडली, पण प्रत्येक वेळी आपली आपण उठली. दुपारपर्यंत ती मामाच्या मागोमाग हळूहळू उतरू लागली. वडील कुंपणाजवळ हात मागे बांधून उभे होते. त्यांना काळजी वाटत होती हे त्यांच्या पायांवरून कळायचं. ते एका जागी उभे राहून पाय बदलत होते.

दमल्यावर आई आणि मामा उताराच्या मध्यावर, तोडून पाडलेल्या देवदाराच्या ओंडक्यावर बसले. मी त्यांच्या शेजारीच होते, फळ्यांचे पट्टे सोडत. तिथं आईनं त्याला विचारलं की तू घरी काहून नाही आला.

मामानं काठीच्या टोकानं बर्फात एक रेघ ओढली. मग तो म्हणाला की मायनं शब्द दिला होता, त्यानं तो मोडला. त्या मुलीचं काय झालं असेल, तिला लोक काय बोलले असतील, हे त्याच्या मनातून जात नाही, आणि पत्रात विचारायचा धीरही झाला नाही. तिच्या गावची माणसं अकोल्याच्या बाजारात येतात. कोणत्या तोंडानं तिथं उतरायचं. आणि मायसमोर सुरमीला उभं करायची तर त्याची छातीच होत नाही.

आई त्याच्याकडे पाहत राहिली.

"अरे, तिचं तर त्याच उन्हाळ्यात लग्न झालं," ती म्हणाली. "नवरा मास्तर आहे. तीन लेकरं आहेत तिले. आमी जेवून आलो तिच्या लग्नात. बुंदी होती."

मामाला ते खरं वाटेना. त्यानं पुन्हा विचारलं. आईनं मुलीच्या नवऱ्याचं गाव सांगितलं, लेकरांची नावं सांगितली. मग मामानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला वाटलं तो रडतो आहे. पण त्याचे खांदे हलत होते ते हसण्यानं.

"तू इथं इतकी वर्सं तिचं ओझं घेऊन बसला," आई म्हणाली, "आन् ती तिकडं सुखानं नांदून राह्यली." मग जरा थांबून म्हणाली, "मायचा राग त्या पोरीवरून नाही. तू येऊन तोंडानं सांगतलं नाही, त्याचा आहे. मायले कागद पाठवते का कोणी असा?"

मामानं मान हलवली. तो पुढे काही बोलणार तोच आई उठली, म्हणाली की आता वरून येते. त्याला वाटलं ती थोडीच वर जाईल. ती फळ्या खांद्यावर घेऊन रानाच्या कडेपर्यंत चढली, तिथं बसून त्या बांधल्या, आणि निघाली.

सुरुवातीला ती छान आली. मग वेग वाढला. मामा ओरडून सांगत होता, अंगठे आत, अंगठे आत, पण तिनं ते ऐकलं की नाही कुणास ठाऊक. आमच्या समोरून ती सरळ गेली, अंगणातल्या आजोबांसमोरून गेली, वडिलांपासून हातभर अंतरावरून गेली, कुंपण बर्फाखाली बुडालं होतं त्या जागेवरून पलीकडे उतरली आणि सफरचंदाच्या झाडांमध्ये दिसेनाशी झाली. वडील धावले. मी त्यांना आयुष्यात धावताना तेव्हाच पाहिलं. स्टेशनात ते कधी धावत नसत.

आई एका ढिगात कमरेपर्यंत रुतून बसली होती. एक काठी झाडावर लटकत होती. ती हसत होती. तोंड उघडं टाकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आवाज न आवरता. मी तिला असं हसताना कधी पाहिलं नव्हतं. वडिलांनी तिला कुठं लागलं का विचारलं. तिला बोलता येईना. तिनं नुसता हात वर केला. वडिलांनी तो धरला, ओढलं आणि स्वतःच तिच्या शेजारी आपटले. मग तेही हसू लागले.

त्या रात्रीपासून बर्फ पडायला लागला आणि पुढचे दोन दिवस पडतच राहिला. बस बंद झाली. आम्हा बायकांना त्याचं काही वाटलं नाही. आई आणि मामी चुलीजवळ बसून लोकर विणत, निम्मो माझ्या मोठ्या कोटाच्या आत शिरून बसे. पण वडिलांची रजा संपत आली होती. न कळवता गैरहजर राहिलेला सांधेवाला, ही कल्पनाच त्यांना सहन होत नव्हती. ते खिडकीशी जात, परत येत, पुन्हा जात. जेवण त्यांना गोड लागेना.

मामानं ते पाहिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी बर्फ थांबला तेव्हा तो म्हणाला की भाऊजी, तार लिहून द्या, मी खालच्या गावच्या डाकघरात देऊन येतो. वडिलांनी विचारलं, रस्ता कुठं आहे? मामा म्हणाला, रस्त्याचं काय काम आहे.

त्यानं कागद टोपीत ठेवला, फळ्या बांधल्या आणि बंगल्याच्या पुढच्या उतारावरून सुटला. मला शिकवताना तो सावकाश चालायचा. हे वेगळंच होतं. झाडांच्या मधून तो डावीकडे झुकायचा, उजवीकडे झुकायचा, मागे बर्फाचा धुरळा उडायचा, आणि फळ्यांचा आवाज नाही, काही नाही. दुखरा गुडघा कुठला होता ते ओळखू येत नव्हतं. वडील पडवीच्या कडेला उभे राहून तो दरीत एक ठिपका होईपर्यंत पाहत राहिले. तो दिसेनासा झाल्यावरही ते तिथंच होते. नंतर आत येऊन ते आईला म्हणाले, "तुह्या भावाच्या हाती गुण आहे. पळून नाही आला तो. कामावर आला."

आईनं त्यांना चहा दिला. दुपारी मामा चालत चढून परत आला तेव्हा वडिलांनी त्याच्या हातातल्या काठ्या घेतल्या आणि स्वतः पुसून कोपऱ्यात उभ्या केल्या.

रस्ता मोकळा झाल्यावर आम्ही निघालो. निघताना मामीनं आईचे पाय धरले, आणि आईनं तिला उठवून मिठी मारली. मामा दिवाळीनंतर येतो म्हणाला. मामी हिंदीत म्हणाली की मी तर कधीपासून सांगते आहे. मला लगेच कळलेलं तिचं हे पहिलं पूर्ण वाक्य.

अकोल्याला सूर्यभाननं जागा राखून ठेवली होती. आई कामावर जाण्याआधी हिवरखेडला गेली, मला घेऊन. आजीनं आमच्यापुढे भाकरी ठेवली, झुणका ठेवला, गावातल्या गोष्टी सांगितल्या. आई काहीच बोलेना. नाव काढायचं नाही असं ठरलं होतं. आम्ही ताटं धुऊन आलो तरी आजी तशीच बसून होती. शेवटी तिनं विचारलं, "बारीक झाला का?"

मग आईनं सगळं सांगितलं. बंगला, बर्फ, मामाची टोपी, मामीच्या हातची मक्याची भाकरी, निम्मो. आजी ऐकत होती आणि मधेच मला विचारत होती की हे खरं का. आई लुगडं नेसून घसरत कुणाच्या शेतात गेली, हे सांगितल्यावर ती म्हणाली की शेतवाल्यानं काही म्हटलं नाही का. बार्शीटाकळीच्या मुलीबद्दल मामाला काय वाटत होतं ते ऐकल्यावर मात्र ती उठून अंगणात गेली. परत आली तेव्हा तिनं एवढंच सांगितलं, की त्याला लिहा, यायचं तर बायको-पोरीला घेऊन ये.

पासष्टच्या दिवाळीनंतर मामा आला. मामी आणि निम्मोसह तो अकोल्याला उतरला आणि आम्ही सगळे मिळून हिवरखेडला गेलो. आजी दारात उभी होती. मामा तिच्यासमोर उभा राहिला आणि सगळं तोंडानं सांगितलं, जसं त्यानं सात वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं: की मी तिथं राहिलो, हिच्याशी लग्न केलं, तुझा शब्द मोडला. गल्लीतले लोक ऐकत होते, त्याची त्यानं पर्वा केली नाही. आजीनं ते शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "हात-पाय धुवा. पाणी तापलं आहे." आणि मामीच्या हातातलं गाठोडं तिनं स्वतः घेतलं.

मामीला आमचं ऊन फार आवडलं. नोव्हेंबरचं कोवळं ऊन, अंगणात खाटेवर पाय पसरून बसायचं, अमरावतीची संत्री सोलायची आणि फोडी निम्मोच्या तोंडात घालायच्या, यात तिचे दिवस जात. आजी तिच्याशी वऱ्हाडीत बोले आणि ती आजीशी पहाडीत. कुणी मधे बोलून समजावून सांगायला गेलं तर दोघी त्याला गप्प करत. ती तिथं महिनाभर राहिली. एका सकाळी आजी तिला वावरात घेऊन गेली आणि कापूस वेचायला शिकवला. मामी दिवसभर वेचत राहिली. संध्याकाळी ओटी भरून आली तेव्हा तिच्या बोटांना बोंडांचे काटे लागून रक्त आलं होतं. आजीनं त्यांना हळद लावली आणि त्या रात्री स्वतः तिला घास भरवला. आई आणि मामा पडवीत बसून ते पाहत होते.  आईनं पाय लांब केले, पाठ भिंतीला टेकली आणि डोळे मिटले.